वसईच्या घंटा आणि आपले उत्तरदायित्व

(जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने परभणी येथे शिक्षक, ग्रंथपाल व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वारसा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी आणि शिल्पे उभी राहतात. आज मी आपणांपुढे एका निराळ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ही वस्तू डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि कानांना ऐकूही येते. ती म्हणजे घंटा. त्यातही पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये एकेकाळी वाजलेल्या आणि आज महाराष्ट्रातील मंदिरांत असलेल्या घंटांची हकिगत मी सांगणार आहे. माझ्या खात्याचे काम लोकांपर्यंत माहिती पोचविण्याचे. वर्तमानपत्र, आकाशवाणी व दूरदर्शन येण्यापूर्वी हेच काम गावोगाव दवंडी आणि घंटा करीत असत. त्या नात्याने घंटेशी आमच्या खात्याचा जुना ऋणानुबंध आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चर्चमधील घंटेचे कार्य

प्रथम ख्रिस्ती समाजात घंटेला कोणते स्थान होते ते पाहू. ज्या काळी घराघरांत घड्याळे नव्हती, त्या काळी गावाचा दिवस चर्चच्या घंटेने विभागला जात असे. पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी प्रार्थनेचे टोल पडत. विवाह, सण, मृत्यू, आग, शत्रूची चाहूल या प्रत्येक प्रसंगी वाजविण्याची पद्धत वेगळी असे आणि ती ऐकूनच शेतातल्या माणसाला प्रसंग कळत असे. नवी घंटा मनोऱ्यात चढविण्यापूर्वी तिच्यावर पवित्र जल शिंपडून, तेलाचे विलेपन करून तिचा संस्कार होई. अनेक घंटांना संतांची नावे दिली जात. आपल्याकडेही पूजेच्या आरंभी घंटेचे पूजन होते. देवतांनी यावे आणि अनिष्ट शक्तींनी जावे, म्हणून तो नाद करावयाचा, अशी श्रद्धा आहे. दोन धर्मांतील ही जवळीक लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या प्रकारची आपल्या शेजारची सर्वांत प्रसिद्ध घंटा जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये आहे. या कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले. त्याला दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात जी मोठी घंटा आहे, तिला ‘सोनेरी घंटा’ म्हणतात. ती सोन्याची नाही. तिच्या नादाच्या गोडव्यामुळे तिला हे नाव मिळाले. ती १६५२ साली कुंकळ्ळी या गावी ओतण्यात आली. १५८३ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध ज्या गावाने उठाव केला, तेच हे कुंकळ्ळी गाव होय.

या घंटेच्या मंजुळ नादामागे एक काळा इतिहासही आहे. गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, काम करीत होते. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालू होते. आरोपींना शिक्षा जाहीर करण्याचा जो सार्वजनिक सोहळा होई, त्याची सूचना कॅथेड्रलची मोठी घंटा देत असे. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य या न्यायालयाचा बंदी होता. १६७६ सालच्या जानेवारीतील सोहळ्याचे वर्णन त्याने पुढे आपल्या ग्रंथात केले. त्या दिवशी सूर्योदयापूर्वी घंटेचे टोल पडले आणि ते ऐकून लोक रस्त्यांवर जमले, असे तो नमूद करतो. प्रार्थनेला बोलावणारा आणि शिक्षेला बोलावणारा आवाज एकच होता. न्यायालय गेले, पोर्तुगीज सत्ताही १९६१ साली गेली; घंटा मात्र राहिली. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

गोव्यातीलच दुसऱ्या एका घंटेची कथा यापेक्षा निराळी आहे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ ओस पडल्यावर तेथील मोठी घंटा आग्वाद किल्ल्यावरील दीपगृहाकडे गेली. तेथून १८७१ साली ती पणजीच्या चर्चमध्ये आली आणि आजही तेथे आहे. मठ, दीपगृह आणि चर्च अशी तीन घरे तिने पाहिली. घंटा घर बदलते आणि घराबरोबर तिचे कामही बदलते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल. वसईच्या घंटांचा विचार करताना हे सूत्र आपल्याला उपयोगी पडणार आहे.

वसईचा विजय आणि घंटांचा प्रवास

गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोनशे वर्षांत ती त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी बनली. किल्ल्याच्या आत चर्च आणि मठ उभे राहिले. त्यांतील संत जोसेफ यांचे मातृचर्च लोकांत कॅथेड्रल म्हणूनच ओळखले जाते. १६०१ साली त्याची पुनर्रचना झाल्याचा कोरीव लेख तेथे आहे. आज त्याचा मनोरा उभा आहे, परंतु घंटेच्या जागा रिकाम्या आहेत.

१७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम उघडली. ठाणे त्याच वर्षी हाती आले. मोहिमेचे नेतृत्व थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्याकडे होते. वसईचा वेढा मात्र कठीण ठरला. तटाखाली सुरुंग लावून, हजारो माणसे खर्ची घालून, मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. पराभूत सैन्याला आपली शस्त्रे, कुटुंबे आणि चीजवस्तू घेऊन मानाने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली. विजयासाठी केलेला नवस फेडण्याकरिता चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले, हे आपणांस ठाऊक आहेच. या विजयाची दुसरी स्मृती म्हणजे वसईहून आणलेल्या घंटा. त्या ठिकठिकाणच्या देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या.

भीमाशंकर येथे शनिमंदिरासमोर अशी एक घंटा टांगलेली आहे. वाईजवळ मेणवली येथे, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, दुसरी आहे. पुण्याचे ओंकारेश्वर, पालीचा बल्लाळेश्वर येथील घंटांविषयीही हीच परंपरा सांगितली जाते. नाशिकला पंचवटीत नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली रामेश्वराचे मंदिर बांधले. त्याच्या नदीकडील बाजूस असलेली घंटा ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून सर्वांना परिचित आहे. ती पोर्तुगालमध्ये ओतली गेली असे काहीजण सांगतात, वसईच्या विजयात मिळाली असे इतर सांगतात. तिच्यावर १७२१ हा सन युरोपीय अंकांत आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन आहे. म्हणजे वसई पडली तेव्हा एक घंटा १८ वर्षांची आणि दुसरी ३२ वर्षांची होती.

परभणीच्या श्रोत्यांना नाशिकच्या घंटेविषयी विशेष जिव्हाळा वाटावयास हवा. ज्या गोदावरीच्या काठी ती टांगली आहे, तीच गोदावरी पुढे मुद्गल, सोनपेठ, गंगाखेडवरून वाहत जाते. पावसाळ्यात नदीचे पाणी त्या घंटेच्या दिशेने चढू लागले की जुने नाशिककर महापुराची चर्चा करू लागतात. वरच्या अंगाला तेथे पाणी चढले की चार दिवसांनी आपल्या घाटांवर काय होईल, याचा अंदाज आपल्याकडील जाणती माणसेही बांधत आली आहेत. चर्चसाठी ओतलेल्या घंटेने देवळात येऊन पूरमापकाचेही काम केले.

वितळविल्या गेल्या नाहीत

या घंटांसंबंधी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घंटेचा धातू म्हणजे कांसे. त्यात साधारणपणे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. तोफेच्या कांशात कथिलाचे प्रमाण कमी असते, म्हणून घंटा वितळवून त्यात तांबे वाढविले की तोफेचा धातू तयार होतो. युरोपात शहर जिंकले की तेथील घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाने हक्क सांगावा, अशी प्रथाच होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात असंख्य घंटा भट्टीत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरातून काढून नेलेल्या घंटांपैकी सुमारे दीड लाख घंटा नष्ट झाल्या.

१७३९ साली मराठ्यांनाही तोफांची गरज होती. तरी या घंटा शाबूत राहिल्या. एवढेच नव्हे, तर त्यांच्यावरील सन, क्रूसाची चिन्हे आणि आकृतीही शाबूत राहिल्या. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. भीमाशंकरच्या घंटेवरही तशीच आकृती आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू त्या घंटेखालून जातो. कोणी कानशीने ती आकृती घासून टाकली नाही. घंटा नेणे ही विजेत्याची कृती होती आणि ज्यांच्या चर्चमधून त्या गेल्या, त्या समाजाला ते दुःख झालेच असणार, हे मान्य करूनही ही सहिष्णुता नोंदविण्यासारखी आहे.

वसईच्या ख्रिस्ती बांधवांचे मराठीशी असलेले नाते आपण जाणताच. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यातच, उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. ज्या भूमीतून घंटा आल्या, त्या भूमीतून आलेला शब्दही मराठीने आपला मानला.

नाद एक, उपयोग दोन

आता थोडे नादाविषयी. घंटा ओतताना आधी मातीचा गाभा तयार करतात. त्यावर बाहेरचा साचा बसवितात. दोहोंमधील पोकळीत कांशाचा रस ओततात. अक्षरे व आकृती साच्यातच उलट्या उमटविलेल्या असतात, म्हणून त्या घंटेवर सुलट आणि उठावदार येतात. याच कारणाने घंटेवरील सन हा सहसा तिच्या जन्माचाच सन असतो. दगडावरील लेख मागाहून कोरता येतो. उठावाचे अक्षर मागाहून बसविणे अवघड असते. इतिहासाच्या अभ्यासकाला घंटा विश्वसनीय साक्षीदार वाटते, ती यासाठीच.

घंटेची काठाजवळची कड सर्वांत जाड ठेवतात आणि आघात तेथेच होतो. एका आघातातून अनेक स्वर एकदम निघतात. युरोपीय घंटेत मूळ स्वराबरोबर कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो. तिचा नाद किंचित करुण, गंभीर वाटतो त्याचे कारण हेच. आपल्यापैकी ज्यांचा कान गाण्यात तयार आहे, त्यांनी मेणवलीला किंवा नाशिकला गेल्यावर हे अवश्य पडताळून पाहावे.

वाजविण्याची रीत मात्र दोन्हीकडे वेगळी आहे. चर्चच्या मनोऱ्यात घंटा आडव्या तुळईला बसविलेली असते. दोर ओढला की सबंध घंटा झुलते आणि लोलक काठावर आदळतो. हे काम नेमलेला माणूस करतो आणि त्याचा आवाज दूरच्या लोकांसाठी असतो. मंदिरात घंटा स्थिर असते. भाविक स्वतः हात उंचावून लोलक हलवितो. तेथे घंटा भक्तांना बोलावते, येथे भक्त आपण आल्याचे देवाला कळवितो. वसईच्या घंटांनी ही दोन्ही कामे केली. मनोऱ्यातून त्या खाली उतरल्या आणि सामान्य माणसाच्या हाताच्या टप्प्यात आल्या.

आपल्या जिल्ह्याचे काम

आपण म्हणाल, वसई कोठे आणि परभणी कोठे! हा भाग १७२४ नंतर निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. पेशवाईचे दानपत्र आपल्या वाट्याला फारसे आले नाही. परंतु घंटांच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. गंगाखेड, मुद्गल, पाथरी, चारठाणा, जिंतूर, नेमगिरी या स्थानांची नावेच पुरेशी आहेत. गावोगावच्या मंदिरांत, मठांत, जैन बस्त्यांत, जुन्या वाड्यांच्या देवघरांत लहानमोठ्या घंटा आहेत. कोणी नवस फेडताना दिलेल्या, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या. पूर्णेसारखे रेल्वे जंक्शन असलेल्या आपल्या जिल्ह्यात कित्येक शाळांनी रुळाच्या तुकड्यालाच घंटा मानले. त्या तुकड्याच्या नादावर पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकली. तोही इतिहासच आहे.

धोका आहे तो जीर्णोद्धाराच्या वेळी. मंदिराचा जीर्णोद्धार ही आनंदाची गोष्ट आहे. लोकवर्गणीतून नवे सभामंडप उभे राहतात. परंतु त्या धामधुमीत जुनी घंटा उतरविली जाते, तिच्या जागी नवी चकचकीत घंटा येते, आणि जुनी वजनावर मोडीच्या भावाने दिली जाते. एखादी वस्तू निरुपयोगी ठरविणे याला आपण मराठीत ‘मोडीत काढणे’ म्हणतो. घंटेच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा होतो. भट्टीत गेलेल्या घंटेबरोबर देणाऱ्याचे नाव, गाव आणि साल कायमचे जाते. वसईच्या घंटा शत्रूच्या असूनही आपल्या पूर्वजांनी राखल्या. आपल्याच आजोबांनी दिलेली घंटा आपण मोडीत द्यावी काय, याचा प्रत्येक विश्वस्त मंडळाने विचार करावा.

यासाठी कायद्याचे पाठबळही आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. परंतु कायदा सर्व गावांच्या सर्व देवळांवर पहारा करू शकत नाही. पहारा नोंदीने होतो. ज्या वस्तूची नोंद आहे, छायाचित्र आहे, मोजमाप आहे, ती चोरीला गेली तरी ओळखता येते. जिची नोंद नाही, ती सापडली तरी कोणाची हे सिद्ध करणे कठीण.

म्हणून माझी आपणांस अशी विनंती आहे की, प्रत्येक शाळेने आपल्या गावातील जुन्या घंटांची एक वही तयार करावी. काम सोपे आहे. पुजारी व विश्वस्त यांची अनुमती घ्यावी. घंटेच्या तोंडाचा व्यास आणि उंची मोजावी. ती कोठे टांगली आहे, लोलक मूळचा आहे की बदललेला, तडा आहे काय, हे लिहावे. अक्षरे पुसट असतील तर पातळ कागद त्यांवर धरून मेणखडू आडवा फिरवावा. अक्षरे कागदावर उमटतात. अक्षरे दिसावीत म्हणून घंटा खरवडू नये, तीव्र रसायनाने घासू नये, तिला तैलरंग लावू नये. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. वृद्ध मंडळींकडून तिची हकिगत ऐकावी आणि ती ‘अशी आख्यायिका आहे’ असे स्पष्ट नमूद करून लिहावी.

सन वाचताना एक दक्षता घ्यावी. लेखात शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत. उदाहरणार्थ, शके १६६१ म्हणजे इसवी सन १७३९, म्हणजेच वसईच्या विजयाचे वर्ष. आपल्याकडे निजामी राजवटीमुळे फसली सनही आढळेल. त्यात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे मिळतो. लेख मोडी किंवा उर्दू असेल तर वाचणारे जाणकार आपल्याच तालुक्यात सापडतील. त्यांच्याकडे मुलांना घेऊन जावे. त्या निमित्ताने त्या लिप्यांची ओळखही होईल. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत व एक गावच्या ग्रंथालयात ठेवावी. विशेष महत्त्वाची घंटा आढळल्यास राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवावे.

मित्रहो, या कामाला मोठा निधी लागत नाही. मोजपट्टी, कागद, खडू आणि एक दुपार एवढे पुरेसे आहे. जिंतूरच्या डोंगरातील आणि गोदाकाठच्या गावांतील अशा वह्या एकत्र आल्या, तर परभणी जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे एक नवे साधन अभ्यासकांच्या हाती येईल. घंटा कोणत्या धर्माच्या लोकांनी ओतली आणि कोणाच्या देवापुढे वाजली, यापेक्षा तिच्यावर लिहिलेले आपण वाचले काय आणि जपले काय, हा प्रश्न पुढची पिढी आपल्याला विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वह्यांनी द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!